निरोप पोचवणारी बाई

हसनाबादच्या म्हस्कूला अख्खं गाव आवाजावरून ओळखायचं. मेंढरं ओढ्यापल्याड गेली तरी हा अलीकडून हाक द्यायचा आणि कळप वळायचा. मनीषा त्याची थोरली. आवाज तिनं बापाचाच घेतलेला. पण लग्न होऊन ती जालन्याला आली, एमआयडीसीतल्या एका बियाण्यांच्या कंपनीत रिसेप्शनला लागली, आणि तिथं तिला सगळ्यात आधी शिकवलं ते हळू बोलायला. "नमस्कार, बोला सर." एवढंच, आणि तेही गोड. माहेरी-सासरी ऑफिसात बसणारी ती पहिलीच. नवरा आदिनाथ जुन्या जालन्यात ऑटो चालवायचा, गिऱ्हाईक बसलं की दोन चौकांच्या आत त्याला सांगून टाकायचा, "आमची मंडळी कंपनीत हाये."

तेव्हा कंपनी जगन्नाथरावांची होती. माणूस तापट. चूक दिसली की आईमाईवरून शिव्या द्यायचा, पण शिवी देऊन झाली की "जेवलास का रे?" असंही विचारायचा. पुढं त्यांचे गुडघे गेले, ऑफिसात येणं सुटलं, आणि खुर्चीवर मुलगा येऊन बसला. सुयश. पुण्यात शिकलेला, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडात कधी शिवी नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटून तो म्हणाला, "इथे कोणी मालक नाही आणि कोणी नोकर नाही. आपण सगळे एक कुटुंब आहोत."

पेढा गोड होता. या कुटुंबात कुणाची जागा कुठं ते पुढच्या महिनाभरात कळलं.

रोज सकाळी मीटिंग सुरू झाली. सगळ्यांनी उभं राहायचं, सुयश टेबलाच्या कोपऱ्यावर टेकणार. आदल्या दिवशी ज्याचं काम मागं पडलं असेल त्याच्या हातात एक हिरवं प्लास्टिकचं कासव द्यायचं. ते त्यानं दिवसभर आपल्या टेबलावर ठेवायचं, जेवताना डब्याशेजारी ठेवायचं, मुतारीला जाताना शेजाऱ्याला सांभाळायला द्यायचं. सगळे हसायचे. हसण्याची सक्ती नव्हती, पण जो हसत नाही तो सुयशला बराबर दिसायचा, आणि दुसऱ्या दिवशी कासव त्याच्याकडं जायचं. हिशोबाचे बद्रीनाथ पन्नाशी ओलांडलेले, घरात सून आलेली. त्यांनी ते कासव आठवडाभर सांभाळलं. त्यातून सुटल्यावर ते आधी कुणावर हसले असतील तर ज्यांच्याकडं कासव गेलं त्या माल भरणाऱ्या बायकांवर.

माणसं कामावर घ्यायचं-काढायचं खातं कल्याणीकडं होतं. सुयशची मावसबहीण. कुणी कुरकुर केली की ती मान तिरकी करून म्हणायची, "अरे, खेळीमेळीनं घ्यायचं ना!" आणि ती कुरकुर चहा गार व्हायच्या आत केबिनमध्ये पोचलेली असायची. हळूहळू सगळेच एकमेकांच्या खबरा पोचवायला लागले. कोण पाणी प्यायला किती वेळ गेलं, कोण गेटवर कुणाशी बोललं. पूर्वी डबे एकत्र उघडायचे. आता ज्याचा त्याचा डबा ज्याच्या त्याच्या पुढ्यात, आणि तोंडं भिंतीकडं.

मग आली पेटी. गोदामातली माणसं मोबाइलमध्ये रमतात, मशीन रिकामी फिरते, असं सुयशच्या डोक्यात बसलं. गेटच्या आत, मनीषाच्या काउंटरला लागून, एक लोखंडी पेटी आली. कामावर येणाऱ्या प्रत्येकानं मोबाइल तिच्यात टाकायचा, संध्याकाळी जाताना घ्यायचा. किल्ली मनीषाकडं. घरच्यांना अडचण आली तर त्यांनी कंपनीच्या फोनवर करावा, निरोप मिळेल, असं कल्याणीनं सगळ्यांना सांगितलं. सुयशचे दोन फोन त्याच्या हातातच असायचे.

दिवसभर त्या पेटीतून आवाज यायचे. कुणाचं भजन वाजायचं, कुणाचं बाळ हसायचं, कुणाचा नुसता थरथराट. मनीषा काउंटरवर बसून ते ऐकायची. आवाजावरून तिला कळायचं, हा बद्रीनाथांचा, हा परमेश्वरभाऊचा. उचलता यायचा नाही. कुणीतरी तिकडं टेंभुर्णीला, भोकरदनला कान लावून बसलंय आणि इकडं लोखंडात घंटी वाजून राहिलीय, हे तिला बसल्या जागी दिसायचं. घरी येऊन ती आदिनाथला म्हणायची, "माह्याच्यानं न्हाई ऐकवत ओ." आदिनाथ म्हणायचा, "मंग कान बंद कर. पोरीची फी भरायची हाये." तो वाईट माणूस नव्हता. त्याचं म्हणणं खोटंही नव्हतं. म्हणूनच ती गप्प बसायची.

गोष्ट मे महिन्यातली. कपाशीच्या बियाण्याचा सीझन ऐन भरात. पाकिटं भरायची मोठी मशीन परमेश्वर चालवायचा. हा टेंभुर्णीचा, जगन्नाथरावांच्या वेळेपासूनचा माणूस, अबोल, मान खाली घालून काम करणारा. बायको उषाबाई गावाकडं चार एकर बघायची, हा आठवड्याला जायचा. त्या दिवशी बाहेर दोन ट्रक लागलेले, विदर्भातले डीलर फोनवर फोन करत होते, आणि ऊन असं की गोदामाच्या पत्र्याखाली माणूस शिजून निघावा.

दुपार व्हायच्या आधी कंपनीचा फोन वाजला. मनीषानं नेहमीसारखं गोड आवाजात "नमस्कार" म्हटलं, तर पलीकडून एक माणूस ओरडतच होता.

"परमेश्वर दाजींला द्या! मी अंगद बोलतो, त्याहिचा मेव्हणा. आमची आक्का शेतात पडली, शुद्धीवर न्हाई, झटके येऊन राह्यले. जीपमधी घालून जालन्याला आणलं, दवाखान्यात हाये. डॉक्टर म्हणतेत नवऱ्याला बोलवा, काही सांगता येत न्हाई. मी कव्हाचा त्याहिच्या मोबाइलवर लावून राह्यलो, उचलीत न्हाईत!"

मनीषानं पेटीकडं पाहिलं. मघापासून वाजत होता तो हाच फोन. दवाखान्याचं नाव विचारून घेतलं आणि ती केबिनकडं गेली. नियमच तसा होता. कामावरच्या माणसाला निरोप द्यायचा तर आधी साहेबांना विचारायचं.

सुयशनं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"आत्ता?" तो म्हणाला. "बाहेर दोन गाड्या उभ्या आहेत. तो गेला तर मशीन कोण चालवणार? लंचला सांग."

"सर, शुद्धीवर नाहीये ती. डॉक्टरांनी सांगितलंय—"

"मनीषा, तू डॉक्टर आहेस का? की तो डॉक्टर आहे? तो जाऊन काय इंजेक्शन देणार आहे? बायकोपाशी तिचा भाऊ आहे ना? लंचला सांग म्हटलं ना." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं नाव पाहिलं, चेहरा सैल झाला. "हां आई, बोल," म्हणून त्यानं खुर्ची खिडकीकडं फिरवली.

मनीषा केबिनच्या बाहेर आली. पुढं कधी तिला कुणी विचारलं की तेव्हा मनात काय आलं, तर ती म्हणायची की मनात काही आलंच नाही, पाय आपोआप चालले. काउंटर मागं टाकून ती सरळ गोदामात शिरली. मशीनच्या धडधडीत परमेश्वरला हाक ऐकू गेली नसती, पण ती हाक म्हस्कूच्या पोरीची होती. मशीनवरची सगळी माणसं वळली.

"परमेश्वरभाऊ! उषावहिनीला दवाखान्यात आणलंय. शुद्धीवर न्हाई. जल्दी निघा."

परमेश्वरच्या हातातलं पाकीट तसंच राहिलं. तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं ते असं:

"साहेबांला विचारलं का?"

बायको जिती आहे का, कुठं आहे, काय झालं, यातलं काहीच आधी आलं नाही. सुयशच्या चार वर्षांत या माणसाचं काय करून टाकलं होतं ते मनीषाला त्या एका वाक्यात दिसलं, आणि तिच्या कानामागं आग झाली.

"विचारलं," ती म्हणाली. "जा म्हणले."

खोटं बोलली. ते बोलल्याचा तिला तेव्हा पस्तावा झाला नाही, नंतरही झाला नाही. पेटी उघडून त्याचा मोबाइल दिला, आदिनाथला फोन करून ऑटो बोलावला, आणि परमेश्वर गेला.

उषाबाई वाचली. ऊन डोक्यात गेलं होतं, झटके थांबायला संध्याकाळ झाली, पाच-सहा दिवस दवाखान्यात काढावे लागले. पण वाचली. मनीषाला वाटलं, चला, सुटलो. उलट तिथूनच तिच्यामागं शुक्लकाष्ठ लागलं. बाई मेली असती तर कदाचित सुयश चार दिवस गप्प बसला असता. बाई वाचली, म्हणजे त्याच्या लेखी काही घडलंच नव्हतं, घडलं होतं ते एवढंच की मशीन बंद पडली आणि एक ट्रक दुसऱ्या दिवशी सुटला.

"ऊन लागलं होतं फक्त," मीटिंगमध्ये तो सगळ्यांसमोर म्हणाला. "लिंबूपाणी पिऊन बरं होण्यासारखं. आणि आपल्या रिसेप्शनच्या मॅडमनी कंपनी बंद पाडली."

सगळे हसले. बद्रीनाथ सगळ्यात मोठ्यानं.

त्या दिवसापासून काउंटरवर दुसरी मुलगी बसली. मनीषाची खुर्ची केबिनबाहेरच्या बोळात, भिंतीला लावून ठेवली. टेबल नाही, फोन नाही, काम नाही. सकाळी यायचं, त्या खुर्चीत बसायचं, संध्याकाळी जायचं. येणारा-जाणारा तिच्या गुडघ्यांना वळसा घालून जायचा. नऊ वर्षं जिनं प्रत्येकाच्या घरचा निरोप पोचवला, कुणाच्या पोराचा ताप, कुणाच्या बहिणीचं बाळंतपण, तिच्याकडं आता मान वर करून बघायची कुणाची छाती नव्हती. कल्याणी एकदा थांबली आणि हळूच म्हणाली, "एकदा सॉरी म्हणून टाक ना. दादा मनानं वाईट नाहीये."

"मी काय केलं म्हणून सॉरी म्हणू?"

"खोटं बोललीस ना तू."

मनीषा त्या खुर्चीत बसून धुमसत राहिली. तिला रडू येत नव्हतं. आदिनाथला वाटायचं ती खचली. तो येताना कधी नव्हे ते गजरा आणायचा. पण ती खचली नव्हती. संतापानं तिची झोप उडाली होती, अन्न कडू लागत होतं. चूल पेटवताना, केस विंचरताना, पोरीचा डबा भरताना तिच्या डोक्यात एकच वाक्य घोळायचं: तो जाऊन काय इंजेक्शन देणार आहे.

परमेश्वर कामावर आला त्या सकाळी मीटिंगला सुयशनं त्याला पुढं बोलावलं. आवाज नेहमीसारखा शांत, जवळजवळ प्रेमळ.

"परमेश्वर, सांग सगळ्यांना. त्या दिवशी तू मशीन सोडून का गेलास?"

परमेश्वर जमिनीकडं बघत म्हणाला, "ताईंनी सांगितलं, साहेबांनी जा म्हणलंय म्हणून."

"मी म्हटलं होतं का?"

"न्हाई साहेब."

"मग? तुला खरं माहीत असतं तर?"

परमेश्वर सगळ्यांच्या देखत म्हणाला, "माहीत असतं तर... गेलो नसतो साहेब."

कुणी हसलं नाही, पण कुणी चमकलंही नाही. सुयशनं समाधानानं मान हलवली आणि मनीषाकडं वळला. "ऐकलंस? ज्याच्यासाठी केलंस तोच सांगतोय. आता सगळ्यांसमोर माफी माग आणि काउंटरवर जाऊन बस. विषय संपला."

मनीषाच्या आत इतकी वर्षं दाबून धरलेलं काहीतरी सुटलं.

"माफी?" ती म्हणाली, आणि गोड आवाज गळून पडला. "कशाची माफी मागू? एका माणसाकून त्याची बायको मरत असली तरी गेलो नसतो, असं वदवून घेतलं तुम्ही! ह्याला कुटुंब म्हणता? आमच्या बापाची मेंढरं होती, त्यातलं एक बसलं तर बाप कळप थांबवायचा. तुम्ही तर माणसं राखायला बसलात!"

"आवाज खाली कर."

"न्हाई करणार! नऊ वर्षं खालीच होता!" बाहेर ट्रकपाशी उभे असलेले ड्रायव्हर दारात येऊन डोकावले. "तुमच्या आईचा फोन आला तव्हा तुम्ही उचलला. मी समोर उभी होते. तुमच्या आईला काय झाल्तं? काही न्हाई! आणि ह्याच्या बायकोला झटके येऊन राह्यले, तर लंचला सांग?"

सुयशचा चेहरा पहिल्यांदा पांढरा पडला. तो काही बोलायच्या आत मनीषा बाहेर गेली. नव्या मुलीच्या समोरून किल्ली उचलली, पेटी उघडली, सगळे मोबाइल ओंजळी भरभरून आत आणले आणि मीटिंगच्या टेबलावर ओतले.

"घ्या," ती म्हणाली. "ज्याचा त्यानं घ्या. आपापल्या घरच्यांला सांगा, आजपून फोन उचलीन म्हणा. कोण घेतो?"

टेबलाभोवती तीसेक माणसं उभी होती. एकही हात पुढं आला नाही.

तेवढ्यात ढिगातला एक वाजला. तेच भजन. मनीषानं पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं. बद्रीनाथांच्या मोबाइलवर त्यांच्या सुनेचं नाव उजळत होतं. सून दिवस भरलेली होती, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. बद्रीनाथांची बोटं हलली. त्यांनी मोबाइलकडं पाहिलं, मग सुयशकडं. सुयश हाताची घडी घालून उभा होता. भजनाचं एक कडवं पुरं झालं. दुसरं सुरू झालं.

"उचला ना!" मनीषा किंचाळली. "बद्रीनाथकाका, उचला!"

त्यांनी उचलला नाही. भजन वाजत वाजत थांबलं.

मनीषाला सुयशचा जेवढा राग आला होता त्याच्या दुप्पट राग आता या माणसांचा आला. एकटा सुयश काय करणार होता? त्याच्या हातात ना काठी होती ना चाबूक. ह्या तीस जणांनी आपापल्या माना आपल्याच हातांनी त्याच्या पायाखाली नेऊन ठेवल्या होत्या. तिनं पर्स उचलली. परमेश्वर दारापाशी होता, तो "ताई..." म्हणाला. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

आठवड्यानं जगन्नाथरावांनी घरी बोलावलं. काठी टेकत स्वतः बाहेर आले, चहा मागवला. "पोरी, तू बरोबर होतीस," ते म्हणाले. "तो अजून कच्चा आहे. तू उद्यापासून ये."

"येते काका," मनीषा म्हणाली. "आत्ता तुम्ही जे बोललात ते सुयश सरांनी मीटिंगमध्ये बोलावं. सगळ्यांसमोर. येवढंच."

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. "एवढं ताणू नये. घरातल्या गोष्टी घरात मिटवाव्यात."

"मग तुमच्या घरात मिटवा," म्हणून ती उठली. चहा तसाच राहिला.

तिला जुन्या जालन्यात एका कापडाच्या ठोक दुकानात काम मिळालं. पगार कमी, बसायला गादी, आणि दुकानदार दिवसभर गिऱ्हाईकांशी एवढ्या मोठ्यानं बोलायचा की तिचा आवाज तिथं कुणाला मोठा वाटलाच नाही. कंपनीतून पेटी हलवल्याचं तिला पुढं कानावर आलं. म्हाताऱ्यानं पोराला काहीतरी सुनावलं असावं. कल्याणीनं सगळ्यांना कळवलं म्हणे की कर्मचाऱ्यांच्या सोयीचा विचार करून साहेबांनी हा निर्णय घेतला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्या तीस जणांपैकी एकानंही मनीषाला फोन केला नाही, मोबाइल आता खिशात असूनही. टाळ्यांचं कळलं त्या दिवशी ती कापडाचे तागे असे आपटत राहिली की दुकानदारानं विचारलं, "ताई, घरी भांडण झालं का?"

दिवाळीच्या आधी एका रविवारी दारात एक बाई येऊन उभी राहिली. काळीसावळी, चेहरा ओढलेला, हातात शेंगांची पिशवी. तिच्या मागं, दोन पावलं लांब, परमेश्वर.

"मी उषाबाई," ती म्हणाली. "तुम्ही मला वळखत न्हाई. मी बी तुमाला आज बघून राह्यले."

मनीषानं तिला आत घेतलं, चटईवर बसवलं, पाणी दिलं. परमेश्वर उंबऱ्यापाशीच थांबला. उषाबाई पाणी प्यायली आणि तांब्या खाली ठेवत म्हणाली, "ह्याहिनं मला काल सांगितलं. येवढे दिवस पोटात ठेवलं. चार माणसांत म्हणले, गेलो नसतो." तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "मी दवाखान्यात डोळे उघडले तव्हा हे उशापाशी होते. तेवढंच मला याद हाये. ते बी तुमच्यामुळं. आणि ह्यो माणूस म्हणतो, गेलो नसतो!"

"ताई, नोकरी..." परमेश्वरचा आवाज फुटला. "पोरांचं शिक्षण... मला दुसरं काय बोलता आलं असतं?"

मनीषाला ठाऊक होतं की त्याला दुसरं काही बोलता आलं नसतं. आदिनाथ त्याच्या जागी असता तरी हेच बोलला असता. कोण जाणे, तीही एखाद्या दिवशी बोलली असती. हे सगळं कळूनसुद्धा तिचा राग तसूभर हलला नाही, आणि तो हललाय असं दाखवायचं तिच्यानं झालं नाही.

"वहिनी, तुम्ही आल्या, मला लई बरं वाटलं," ती म्हणाली. "चहा ठेवते. भाऊ, तुम्ही बी आत या, उन्हात उभं राहू नका. पण मी तुम्हाला माफ केलं, असं समजू नका. न्हाई केलं अजून. आज मला खोटं बोलायचं न्हाई."

परमेश्वर आत येऊन भिंतीशी बसला. उषाबाई शेंगा सोलायला लागली. मनीषानं तीन कप चहा टाकला.